आषाढाची कोठी

 

मुंगी आणि नाकतोडा यांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. मुंगी उन्हाळाभर दाणे जमवते, नाकतोडा गाणी गात हिंडतो, मग थंडी येते आणि नाकतोडा उपाशी मरतो. गोष्ट जुनी आहे, चांगली आहे, पण ती आपल्या मुलुखातली नाही. अकोल्याच्या किंवा दर्यापूरच्या एखाद्या वर्गात ती सांगताना मागच्या रांगेतला पोरगा सहज म्हणेल, “गुरुजी, थंडीत तं वावरात हुरडा असते, सोले असते, बोरं असते. उपाशी कायले मरंल तो?” आणि त्या पोराचे काही चुकले नाही. जिथे हिवाळ्यात बर्फ पडते, जमीन दगडासारखी होते, तिथे माणूस हिवाळ्यासाठी साठवतो. कोरियात नोव्हेंबर लागला की घरोघर कोबीचे मोठमोठे गड्डे मीठ-मिरची लावून रांजणात मुरवायला ठेवतात. सारी गल्ली एकत्र येऊन हे काम करते, आणि २०१३ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्या रीतीची नोंद केली. आपल्याकडे हिवाळा हा भरल्या घराचा काळ. आपली खरी थंडी, म्हणजे अडचणीचा काळ, मृगापासून दिवाळीपर्यंतचा. म्हणून वऱ्हाडात हिवाळ्यासाठी नव्हे, तर हिवाळ्यात साठवायचे असते. हिवाळ्यात निवडायचे, उन्हाळ्यात वाळवायचे आणि आषाढात उघडायचे.

तो काळ अडचणीचा का, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मृग लागला की बियाण्याला पैसा, खताला पैसा, निंदणाला पैसा. मागच्या कापसाचे पैसे लग्नात आणि सोसायटीच्या हप्त्यात गेलेले. नवे पीक अजून हातभर. बाजाराच्या गावाला जायचा नाला भरलेला. भाजी महाग, डाळ तर त्याहून महाग. पूर्वी याच दिवसांत गरीब घरचा माणूस सावकाराच्या दारात धान्यासाठी उभा राही. सवाईने नाहीतर दिढीने धान्य आणायचे, म्हणजे पोत्याला सव्वा किंवा दीड पोते खळ्यावर परत मोजून द्यायचे. चार महिन्यांत दीडपट! ज्याच्या घरी मृगाला कोठी भरलेली, त्याला या दारात जावे लागत नसे. घरात धान्य असणे म्हणजे केवळ पोट भरणे नव्हे, माणूस कोणाचा मिंधा नसणे, हा त्याचा अर्थ.

आज रेशनवर धान्य मिळते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क झाला आहे, आणि ही मोठी गोष्ट आहे. पण रेशनच्या थैलीत मुख्यतः गहू-तांदूळ येतो. डाळ आणि पालेभाजी आपल्यालाच पाहावी लागते, आणि श्रावण-भादव्यात ताटातून नेमके हेच दोन पदार्थ कमी होतात. पोरे, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांचे त्यात नुकसान होते. म्हणून आजच्या बोलण्यात ज्वारीइतकेच डाळीला आणि वाळल्या भाजीलाही स्थान दिले आहे.

आधी आपले वाडवडील काय करीत ते पाहू. गावठाणाच्या पांढरीत पेवे असत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असा खड्डा. काळ्या मातीत पेव टिकत नाही, कारण ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पांढरीच. तळाला आणि कडेला कडबा, भुसा यांचा थर, मध्ये ज्वारी, वर पुन्हा भुसा, दगड आणि मातीचा लेप. एकदा तोंड बंद झाले की आतले दाणे आणि किडे श्वासाने आतली प्राणवायू संपवतात, कोंदट वायू वाढतो आणि कीड गुदमरून मरते. आज पुस्तकात ज्याला ‘हवाबंद साठवण’ म्हणतात, ते हेच. कडेचा दाणा काळवंडे, कुबट वास येई, पण मधली ज्वारी राही. ‘अमक्याचे पेव फुटले’ हा मराठीतला वाक्प्रचार याच खड्ड्यातून आला; शिक्षकांनी वर्गात तो शब्द आला की पेव फळ्यावर काढून दाखवावे, कारण आजच्या मुलांनी ते पाहिलेले नाही.

पेवाची एक रीत मात्र आजही उपयोगी आहे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. एक-दोन दिवस तोंड उघडे ठेवीत, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडीत. कंदील विझला तर माणसाने उतरायचे नाही. जी हवा किड्याला मारते ती माणसालाही मारते. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरताना, शोषखड्ड्यात उतरताना हा नियम आपण विसरतो आणि एकामागून एक दोन-तीन माणसे जातात. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. असे करू नका, बाप्पा. कंदील जळत राहिला तरी आतली हवा चांगलीच आहे असे समजू नये, कारण काही विषारी वायूंत दिवा विझत नाही. वर माणसे, कमरेला दोर आणि आत हवा खेळती केलेली, एवढे असल्याशिवाय उतरायचे नाही.

पेवे गेली कशी? १८६० नंतरच्या दशकात वऱ्हाडात रेल्वे आली, कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली, धान्यही स्टेशनावर जाऊ लागले. नगदी पैसा हातात आला आणि वर्षावर्षाचे धान्य जमिनीत पुरून ठेवण्याची निकड कमी वाटू लागली. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला म्हातारी माणसे छपन्नचा काळ म्हणत. तो वऱ्हाडाला फार कठीण गेला. १९७२ चा दुष्काळ तर अजून कित्येकांच्या आठवणीत आहे. त्या वर्षी परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, खाल्लेली माणसे आजही तिची चव सांगतात. नाव तिचेही ज्वारीच, पण आपल्या भाकरीची गोडी तिला नव्हती.

आता कामाचे बोलू. किती साठवायचे, याचा हिशेब आधी करा. पाच माणसांच्या घरात रोज सरासरी दोन किलो धान्य लागते असे धरू. महिन्याला साठ किलो. मृग ते दिवाळी पाच महिने, म्हणजे तीन क्विंटल. डाळ रोज तीनशे ग्रॅम धरली तर महिन्याला नऊ किलो, पाच महिन्यांना पंचेचाळीस. शंभर लिटर जागेत ज्वारी साधारण पंचाहत्तर किलो मावते. तेव्हा तीन क्विंटलला चारशे लिटर जागा हवी. दोनशे लिटरचे दोन पिंप झाले. चौथी-पाचवीच्या मुलांना हे गणित त्यांच्याच घरच्या माणसांची संख्या घेऊन करायला सांगा. एक ताकीद: रसायनाचे, औषधाचे, रंगाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी धान्याला वापरू नये. स्वस्तात मिळते म्हणून पुष्कळ घरांत ते येते.

कोठी कशाचीही असो, बांबूची शेणमातीने लिंपलेली कणगी असो, पत्र्याची कोठी असो, की मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लास्टिकचा कागद घालून बांधायची पुसा कोठी असो, जी दिल्लीच्या पुसा संस्थेने शेतकऱ्यांसाठी काढली, सगळ्याचा जीव एकाच गोष्टीत आहे: दाणा कोरडा पाहिजे. ओला दाणा पत्र्याच्या कोठीत घातला तर तो कणगीतल्यापेक्षा लवकर नासतो, कारण पत्र्याला घाम येतो आणि ओल बाहेर जायला वाट नसते. “नवी कोठी आणली तरी जवारी नासली,” अशी तक्रार ऐकू येते. दोष बहुतेक वेळा कोठीचा नसतो.

दाणा कोरडा झाला हे कसे ओळखावे? जाणती माणसे दाताखाली धरून पाहतात. कट्ट आवाज झाला पाहिजे, चेपता कामा नये. दुसरी परीक्षा शाळेत करण्यासारखी आहे. काचेची कोरडी, झाकणाची बाटली घ्या. तव्यावर गरम करून थंड केलेले कोरडे मीठ दोन-तीन चमचे तीत घाला आणि बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल इतके धान्य घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पाव तास ठेवा. मीठ काचेच्या आतल्या बाजूला चिकटले तर धान्यात शेकडा पंधराहून जास्त ओल आहे, आणखी वाळवा. मीठ मोकळे पडले तर ओल त्याच्या आत आली. पण मंडळी, एवढ्यावर थांबू नका. पावसाळा काढायचा तर ज्वारी-गव्हात ओल बाराच्या आत आणि डाळीत नऊ-दहाच्या आसपास पाहिजे. म्हणून मीठ मोकळे पडल्यावरही दोन-तीन कडक उन्हे द्यावीत.

ऊन आपल्याकडे आहे, फुकट आहे आणि भरपूर आहे. वैशाखात अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि हवा कोरडी असते. आपण त्याला नावे ठेवतो, पण कोकणातल्या बाईला असे ऊन मिळाले असते तर तिने त्याची ओवाळणी केली असती. धान्य ताडपत्रीवर दोन बोटांच्या थरात पसरावे, तासातासाला हात फिरवावा. तापलेल्या थरातून किडे बाहेर पळतात, पुष्कळ मरतातही. बियाण्याचे धान्य मात्र या कडक उन्हात टाकू नये, त्याची उगवण जाते; ते हिवाळ्याच्या सौम्य उन्हात वाळवून वेगळे ठेवावे.

आणि इथे एक चूक घडते, ती माझ्या घरीही घडली होती. संध्याकाळी पाऊस येईल या भीतीने आम्ही दुपारी तीनची तापलेली ज्वारी तशीच कोठीत भरली आणि वरून झाकण दाबून बसवले. आजी ओट्यावरून म्हणत होती, “गरम हाय दाना, निवू दे. ऊन कोंडू नोको कोठीत.” कोणी ऐकले नाही. राखीपौर्णिमेला कोठी उघडली तेव्हा वरचा वीतभर थर जाळे धरून एकमेकाला चिकटला होता. तापला दाणा आत निवताना वाफ सोडतो, ती वर गार पत्र्याला लागून पाणी होते आणि तेच पाणी वरच्या दाण्यावर पडते. दाणा रात्रभर सावलीत, आडोशाला निवू द्या आणि सकाळी भरा. कोठी भिंतीपासून हातभर दूर, विटा किंवा फळ्यांवर ठेवा.

सोंड्याचे गणितही ध्यानात घ्या. एक मादी शेदोनशे ते तीनशे अंडी घालते, आणि पावसाळ्याच्या उबदार हवेत महिना-सव्वा महिन्यात अंड्याचा सोंड्या होतो. ज्येष्ठात दोन-चार दिसले म्हणून सोडले तर भादव्यात पीठच उरते. जुन्या धान्यात नवे मिसळू नये, रिकामी कोठी झाडून-पुसून उन्हात तापवावी, फटी लिंपाव्यात, जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून वाळवावीत. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला घाला. हिरवा पाला घालणारी घरे मी पाहिली आहेत. पाल्याची ओल दाण्यात जाते आणि फायद्याऐवजी तोटा होतो. शिवाय दाणाच ओला असेल तर कोरड्या पाल्यानेही ते काम होत नाही.

तुरीची गोष्ट निराळी आहे. तिचा भुंगा वावरातूनच येतो. मादी शेंगेवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि घरात आल्यावर गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो. मग तो साठवलेल्या दाण्यांवरच पुन्हा अंडी घालतो. नीट पाहिले तर दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात. अख्खी तूर, अख्खे मूग, अख्खा हरभरा त्याला फार आवडतो. भरडून डाळ केली तर त्याचे फारसे चालत नाही. म्हणून आपल्या बाया तुरीला तेलपाण्याचा हात लावून, उन्हात ठेवून, उन्हाळ्यातच जात्यावर डाळ भरडून घेत. कष्टाचे काम, पण त्यात शहाणपण होते. डाळ करणे शक्य नसेल तर अख्ख्या दाण्याला किलोमागे चहाचा एक चमचा खाण्याचे तेल चोळून ठेवावे. डब्यात तोंडापाशी फडके घालून त्यावर चार बोटे कोरडी वाळू किंवा चाळलेली राख पसरावी. वर आलेल्या भुंग्याला पुन्हा खाली जाता येत नाही.

आता जे सांगायचे आहे ते जरा कडक शब्दांत सांगतो. धान्यात घालायच्या धुरीच्या गोळ्या बाजारात सहज मिळतात. त्या गोळीतून निघणारा वायू जीवघेणा आहे. ज्या घरात माणसे निजतात त्या घरात, ज्या खोलीत कोठी आणि खाट शेजारी आहेत त्या खोलीत, ती गोळी वापरायची नाही. अशा घरांत रात्री निजलेली लेकरे सकाळी उठली नाहीत. ते काम परवाना असलेल्या माणसाचे आणि गोदामाचे आहे. तसेच फवारणीची भुकटी धान्याला चोळू नये. दोन पायली ज्वारी किड्याने खाल्ली तर खाऊ द्या.

बुरशीचेही तसेच. १९७४ च्या हिवाळ्याच्या तोंडी राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका लोकांनी खाल्ला, आणि यकृताच्या विकाराने शंभरावर माणसे दगावली. आपल्याकडे भुईमुगाच्या शेंगा ओल्या राहिल्या की हीच हिरवट बुरशी येते. धुऊन, भाजून तिचे विष जात नाही. असा दाणा ढोरांनाही घालू नये. १९६४ साली आलेल्या संकरित ज्वारीच्या वेळीही वऱ्हाडाने हे अनुभवले आहे. ती लवकर पिके, परतीच्या पावसात सापडे आणि कणीस काळे पडे.

आता भाजीकडे येऊ, कारण हिवाळ्याची खरी श्रीमंती तिथे आहे. हरभऱ्याचे शेंडे पौषात खुडतात. खुडल्याने झाड फांदते आणि भाजीही मिळते. ती भाजी आंबट असते, सावलीत वाळवून ठेवली की आषाढात डाळ किंवा ज्वारीचा भरडा, लसूण आणि लाल मिरची घालून तिच्यासारखी चव नाही. मेथी, अंबाडी आणि शेवग्याचा पालाही असाच ठेवता येतो. हिरवा पाला भर उन्हात टाकू नये. उन्हाने डोळ्यांना उपयोगी असणारे जीवनसत्त्व जाते. सावलीत, वारा खेळतो तिथे, जुन्या पातळ लुगड्याखाली वाळवावा. लोह, चुना आणि प्रथिने वाळल्या भाजीत टिकतात. ‘क’ जीवनसत्त्व मात्र बरेचसे जाते. त्याची भर आवळ्याने काढावी. मीठ लावून वाळवलेला आवळा त्या मानाने बरा टिकतो. आणि फवारणी झालेल्या वावरातली भाजी खुडू नका, ती वाळली म्हणून औषध उडून जात नाही.

वांगी माघात कवडीमोल होतात. त्यांच्या फोडी करून वाळवतात, कुठे कुठे त्यांना ‘खुला’ म्हणतात. गवार, भेंडी, कारली, टमाटे यांचेही तसेच. फोडी उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून मग वाळवल्या तर रंग राहतो आणि कीड कमी लागते. मूगवड्या आणि कोहळ्याचे सांडगे घाला. माझे एक मत आहे, ते बायाबापड्यांना रुचणार नाही. आपण उन्हाळ्यात जेवढा जीव कुरड्या, पापड आणि सरगुंड्यांवर टाकतो, तेवढा वड्या आणि पाल्यावर टाकत नाही. कुरडई पाहुण्यासाठी असते. ती गव्हाच्या चिकाची, कोंडा काढून टाकलेली. वडी घरच्या लेकरासाठी असते. दोन्ही करा, पण दिवस कमी पडले तर आधी वडी घाला.

वरूड-मोर्शीची मंडळी विचारतील, संत्र्याचे काय? संत्रे साठवणीचे फळ नव्हे. रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. तो कडवटपणा बियांतून आणि फोडींच्या पापुद्र्यांतून उतरतो. बिया काढून, हलक्या हाताने पिळून, लगेच साखर घालून आटवला तर थोडा निभावतो. सालीचा मुरंबा मात्र चांगला होतो.

मेळघाटाचे थोडे सांगितले पाहिजे. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू बांधव चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचतात आणि वाळवून ठेवतात. कोदो-कुटकीचे बारीक दाणे टरफलासह ठेवले तर वर्षानुवर्षे टिकतात. तरीही १९९३ साली तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. साठवण माहीत नसल्यामुळे तसे झाले असे कोणी म्हणू नये. साठवायला हाती काही असावे लागते, आणि जमीन, मजुरी व दवाखाना यांची उणीव मोहाच्या फुलांनी भरून निघत नाही. एवढे मात्र खरे की तिथेही कठीण महिने पावसाळ्याचेच. आणि कोदो ओलीत सापडला असेल तर जपावे: २०२४ च्या ऑक्टोबरअखेर मध्य प्रदेशात बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती कोदो खाऊन मेले, आणि तपासात बुरशीचे विष निघाले. जुनी माणसे अशा कोदोला ‘मातलेला’ म्हणत.

शेवटी एक छोटे काम शाळेच्या मुलांकडे द्यावे. मृगाला कोठी भरली की तिच्यावर बाहेरून खडूने पाच रेघा मारायच्या, दर महिन्याची एक, खाली दिवाळी. दर रविवारी काठीने आतला थर मोजायचा, बाहेर त्या उंचीवर खूण करायची. पोळ्याच्या आधीच तिसरी रेघ ओलांडली असेल तर घरच्यांना सांगायचे. आणि श्रावणात पाऊस उघडून दोन-तीन दिवस ऊन पडले, की कोरड्या दुपारी झाकण काढून हात कोपरापर्यंत दाण्यात घालायचा. आत गरम लागले तर त्याच दिवशी सारे धान्य अंगणात काढायचे.